आश्रमशाळेची रात्र

डिसेंबर २०२३ मध्ये गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात, सोडे येथील शासकीय आश्रमशाळेत शंभरहून अधिक मुलींना विषबाधा झाली. त्याआधी २०१९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्यात एका खासगी शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचारांचे प्रकरण उघडकीस आले. अशा वेळी सारे राज्य हादरते. पण ज्यांची बातमी होत नाही अशा रात्रीही आश्रमशाळांतल्या मुलांवर अन्याय करत असतात, आणि त्या अन्यायाची दाद कुणी घेत नाही.

सहा-सात वर्षांचे माडिया आदिवासी पोर आश्रमशाळेत पहिलीला दाखल होते. घरची बोली वेगळी, शाळेची मराठी. पोटात दुखते एवढे सांगायलाही शब्द अपुरे पडतात. दिवसा शिक्षक असतात. रात्री मुलांची भिस्त अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी आणि कामाठी यांच्यावर. आजारी मुलाच्या उशाशी बसणे हे यांपैकी कुणाचेही मुख्य काम नाही.

सिकलसेलचे उदाहरण घ्या. या दोन्ही जिल्ह्यांतील आदिवासी समाजात हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आहे. थंडी वाजली, अंगातले पाणी कमी झाले, ताप आला की विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य ठणकू लागतात. हिवाळ्यात गार फरशीवर निजणे, पहाटे थंड पाण्याने अंघोळ करणे सिकलसेल असलेल्या मुलाला परवडत नाही. भरपूर पाणी, ऊब, रोजच्या गोळ्या आणि वेळेवर दवाखाना मिळाला तर ते बरेच सावरते. सकाळी ते वर्गात मान टाकून बसले तर मात्र ‘आळशी’ म्हणून बोलणी खाते. दुखणे अंगावर काढायचे आणि वर अपमानही गिळायचा, ही शिकवण त्याला कोणत्याही धड्यापेक्षा आधी मिळते.

राज्यातील आश्रमशाळांमध्ये सुमारे पंधरा वर्षांत हजाराहून अधिक मुले दगावल्याचे २०१६ मध्ये या मृत्यूंची कारणे तपासणाऱ्या डॉ. सुभाष साळुंखे समितीच्या निमित्ताने समोर आले. अनेक मृत्यूंचे नेमके कारणही स्पष्ट नव्हते. पोटचे पोर वर्षातले आठ-दहा महिने सरकारच्या हवाली करणाऱ्या आई-बापांना एवढेही उत्तर मिळू नये, हे संतापजनक आहे.

उपाय शोधायला दूर जाण्याची गरज नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्याच ३९ गावांत, जेमतेम शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे काम छापले, पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्या त्याच वाटेने गेल्या. न्यूमोनिया ओळखणारी बाई गावात घडू शकते, तर तापलेले कपाळ ओळखणारी, मुलाच्या बोलीत त्याची विचारपूस करणारी बाई आश्रमशाळेत का घडू नये?

बोलीचा मुद्दा दुय्यम नाही. धानोऱ्याच्या मोहगाव ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तर शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरवले. मान्यतेचा वाद चालत राहील. पण मुलाला मनातले भय स्वतःच्या भाषेत सांगता यावे, यासाठी कोणत्याही मान्यतेची वाट पाहायला नको. मुलींच्या बाबतीत तर तक्रार ऐकणारी बाई शाळेच्या व्यवस्थापनाबाहेरची असली पाहिजे, नाहीतर राजुऱ्यासारखे प्रकार दडपलेच जाणार.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. त्याआधी गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर या पाचही आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी आपल्या प्रत्येक शाळेची माहिती जाहीर करावी: रात्री मुलांपाशी कोण झोपते, त्या व्यक्तीला माडिया किंवा गोंडी येते का, सिकलसेलची किती मुले आहेत, त्यांच्या गोळ्या कुणाकडे असतात आणि पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटला तर आजारी मूल कुठे न्यायचे. पहिली प्रत पालकांच्या ग्रामसभेकडे जावी.