२१०० सालचं राहू द्या, यंदाच्या नववीचं बोला

सध्या व्हॉट्सअॅपवर एक तुलना जोरात फिरतेय. भारत आणि बांगलादेश. १५ ते १९ वयाच्या मुली २०५० साली किती शिकलेल्या असतील, २१०० साली किती. एक गट म्हणतो, बघा, शेजारी पुढे चाललाय. दुसरा म्हणतो, देशाची बदनामी थांबवा. दोन्ही गटांना माझा एकच प्रश्न: ही रेषा काढतात कशी, हे कुणी वाचलंय का?

व्हिएन्नातल्या लोकसंख्या अभ्यासकांनी असे अंदाज जगातल्या बहुतेक देशांसाठी काढलेत. ती भविष्यवाणी नसते. ‘असं केलं तर असं होईल’ असा तो हिशोब असतो. शाळेत जाणाऱ्यांचं प्रमाण आज आहे तिथंच थांबलं तर एक रेषा. जग आजवर ज्या चालीनं चाललं त्याच चालीनं गेलो तर दुसरी. आणि दक्षिण कोरियानं मारली तशी झेप घेतली तर तिसरी. म्हणजे एकाच देशाची तीन भविष्यं. त्यातलं कुठलं खरं होणार हे व्हिएन्नात ठरत नाही. ते आठवीतून नववीत जाताना ठरतं.

बांगलादेशाची रेषा कशी वळली ते बघा. १९९४ साली त्यांनी ग्रामीण भागातल्या सहावी ते दहावीच्या मुलींना देशभर शिष्यवृत्ती सुरू केली. अटी तीन: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि तोवर लग्न करायचं नाही. पैसे मुलीच्या नावच्या बँक खात्यात. पुढे तिथं माध्यमिक शाळेत मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त झाली. आपल्यापेक्षा गरीब देशानं हे केलं.

आपण त्याच सुमारास, १९९२ पासून, दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता देत होतो. कित्येक वर्षं तो रुपया रुपयाच राहिला. आणि दिला कुठं? चौथीपर्यंत. मुलगी घरी बसते ती त्यानंतर, वयात आल्यावर.

पण बांगलादेशाचं कौतुक करणाऱ्यांनीही पुढचं ऐकावं. तिथल्या २०१९ च्या पाहणीत २० ते २४ वयाच्या निम्म्याहून थोड्या जास्त बायकांचं लग्न १८ च्या आत झालेलं आढळलं. मुली शाळेत गेल्या, तरी लग्नाचं वय हवं तसं पुढे सरकलं नाही. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हाच आकडा सुमारे २३ टक्के आहे. लगेच कॉलर ताठ करू नका. त्याच पाहणीत परभणी जिल्ह्याचा आकडा ४८ टक्क्यांच्या आसपास आणि बीडचा ४३ च्या पुढे आहे. देशाच्या सरासरीत हे जिल्हे दिसत नाहीत, म्हणून पुढाऱ्यांना सरासरी आवडते.

का होतं असं? आईबापांना अक्कल नाही, असं शहरातून म्हणणं सोपं आहे. मुकादमाची उचल मिळते ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मग मुलीला हातात पुस्तक ठेवून घरी सोडायचं कुणाच्या भरवशावर? हंगामी वसतिगृह वेळेवर नाही, आणि नववीची शाळा आठ किलोमीटरवर. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, ही चांगलीच गोष्ट. पण संध्याकाळी गाडीच आली नाही तर त्या पासचं करायचं काय?

कायद्याचंही तेच. शिक्षण हक्क कायदा वयाच्या १४ व्या वर्षी हात झटकतो. २०२३ च्या ‘असर’ पाहणीत, मुलं-मुली मिळून, १४ व्या वर्षी शिक्षणाबाहेर ३.९ टक्के होते आणि १८ व्या वर्षी ३२.६ टक्के. रेषा इथं तुटते, आणि आपण भांडतोय २१०० वर.

रेषा वळवता येते, हे बांगलादेशाच्या आधाराशिवायही सिद्ध झालंय. बिहारनं २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालण्यातली मुलगा-मुलगी तफावत ४० टक्क्यांनी घटलेली दिसली. एका सायकलनं!

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. दोन देशांतला सामना लावणं बंद करा आणि आपल्या जिल्हा परिषद सदस्याला, आमदाराला तीन गोष्टी विचारा. एक, आपल्या तालुक्यात गेल्या वर्षी किती मुली आठवी पास झाल्या आणि त्यातल्या किती आज नववीत आहेत? दोन, ज्या नाहीत त्यांची गाववार यादी कुणाकडे आहे? तीन, शाळा सुटायच्या वेळेला किती मार्गांवर गाडी नाही?

उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी घ्या. मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये लागतात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालणाऱ्या प्रत्येकाला ही यादी मागण्याचा अधिकार आहे, आणि देण्याची जबाबदारीही. २१०० साली आपण कुणीच नसू. नववीची पोरगी आत्ता आहे.