आधी कापायचे, मग अर्ज मागायचा



कापसाच्या आणि ज्वारीच्या बैठकीत नारळाच्या गावची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. विचारावेच. पण गोष्ट नारळाची नाही, कटतीची आहे, आणि कटतीच्या विषयात आपल्याइतका जाणकार माणूस साऱ्या महाराष्ट्रात सापडायचा नाही. ओलाव्याची कटती, कवडीची कटती, हमाली, तोलाई; 1972 साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीच्या काळात चुकाऱ्यातून भांडवल निधीच्या नावाने झालेली कपात; हे सगळे आपण अंगावर काढले आहे. व्यापारी असो की सरकार, पैसा ज्याच्या हातातून आपल्याकडे येतो तो वाटेत मूठभर काढून ठेवतो आणि पावती मागितली तर आपल्याकडेच डोळे वटारून पाहतो. भाट्याला आम्ही जे पाहिले ती याच जातीची कटती, फक्त तिथे काटा बँकेचा होता.

डिसेंबर 2024 मध्ये आमच्यातले काहीजण रत्नागिरीला गेले होते. शहरातून दक्षिणेला निघाले की काजळी नदीच्या खाडीवरचा पूल लागतो आणि पूल ओलांडला की भाट्ये. एका बाजूला समुद्र आणि सुरूचे बन, दुसऱ्या बाजूला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र. हे केंद्र 1955 सालचे, म्हणजे विद्यापीठाहूनही जुने. काळ्या मातीतून आलेल्या माणसाला ती वाळू आणि तिच्यात उभी असलेली हिरवीगार झाडे पाहून अचंबा वाटतो. आम्ही झाडे पाहायला गेलो होतो. जेवायची सोय जवळच्या एका घरी होती. घरात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी एकट्याच. यजमान मुंबईला नोकरीत होते, ते वारले. मुलगा मुंबईतच भाड्याच्या खोलीत. रत्नागिरी जिल्ह्याची ही जुनीच कहाणी आहे. आपल्याकडे माणूस शेतात राबून कर्जात जातो, तिकडे पिढ्यान् पिढ्या माणूस मुंबईला जातो आणि घर मनीऑर्डरवर चालते.

जेवण झाल्यावर आजींनी पासबुक आणून पुढे ठेवले. अक्षर बारीक दिसते, वाचून सांगा म्हणाल्या. यजमानांच्या फंडाचे आणि आयुष्यभराच्या बचतीचे मिळून नऊ लाख रुपये मुदत ठेवीत होते. 2022-23 मध्ये व्याज 54,000 झाले, त्यातले 5,400 कापले. 2023-24 मध्ये व्याज 63,000, त्यातले 6,300 कापले. दोन वर्षांचे मिळून 11,700 रुपये.

आम्ही विचारले, "आजी, हे कशाचे कापले ते बँकेत विचारलेत का?"

"बँकेनं कापलंन म्हणजे कायतरी कारण असंलच की, बाबा," त्या म्हणाल्या. "सरकारचं असतंय ते. आपण काय बोलायचं?"

कारण होते. पण देणे नव्हते. हा फरक नीट समजून घेतला पाहिजे, कारण आपल्या प्रत्येक गावात अशा आजी-आजोबांची पासबुके पेटीत पडून आहेत.

ठेवीचे व्याज ठराविक रकमेपुढे गेले की बँकेने त्यातून दहा टक्के कापून आयकर खात्याकडे भरायचे, असा कायदा. याला टीडीएस म्हणतात. साठ वर्षांवरील माणसासाठी ही मर्यादा 2018 पासून 50,000 रुपये होती. 1 एप्रिल 2025 पासून ती एक लाख झाली. मर्यादा ओलांडली की वरच्या रकमेवर नव्हे, पहिल्या रुपयापासून सगळ्या व्याजावर कापतात. पॅन दिलेला नसेल तर दहाऐवजी वीस टक्के. सहकारी बँकांनाही ठेवींच्या व्याजावर ही कपात 1 जून 2015 पासून लागू झाली, तेव्हा जिल्हा बँकेत पैसे आहेत म्हणून आपण सुटलो असे कोणी समजू नये.

आता गंमत पाहा. ज्या वर्षी आजींचे 6,300 कापले, त्या वर्षी साठ वर्षांवरील माणसाला जुन्या कररचनेतसुद्धा तीन लाखांपर्यंत कर नव्हता. आजींचे सगळे उत्पन्न 63,000. महिन्याला सव्वापाच हजार. यात औषध, वीज, तेल-मीठ, आणि गणपतीला मुलगा आला तर नातवाच्या हातावर ठेवायचे पैसे. देणे शून्य आणि कापले 6,300. 1 फेब्रुवारी 2025 ला अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला करमाफीची घोषणा झाली, बाके वाजली, टीव्हीवर पगारदारांचे चेहरे फुलले. बारा लाखांवर कर नाही आणि भाट्याच्या म्हातारीच्या त्रेसष्ट हजारांतून कटती! इंडिया आणि भारत यांतले अंतर कोणाला अजून मोजायचे असेल तर त्याने हे पासबुक घ्यावे.

कायदा म्हणेल, आम्ही वाट ठेवली आहे. ठेवली आहे, खरेच. साठीपुढच्या माणसाने दर वर्षी एप्रिलमध्ये बँकेत 15-एच नावाचा नमुना भरून द्यायचा: माझ्या एकूण उत्पन्नावर कर बसत नाही, सबब कापू नका. साठीच्या आतल्यांसाठी 15-जी, त्याच्या अटी थोड्या जास्त कडक. ज्याची ठेव दोन बँकांत आहे त्याने दोन्हीकडे द्यायचा. (आयकराचा नवा कायदा संसदेने 2025 साली केला आणि त्याची अंमलबजावणी 1 एप्रिल 2026 पासून ठेवली. त्यात कलमांचे आणि नमुन्यांचे आकडे बदलतात. बँकेत "व्याजातून कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म" एवढे म्हटले तरी पुरते.) आजींनी हा कागद कधी पाहिलाच नव्हता. त्यांना तो कोणी दिला नाही. बँकेला त्यांची जन्मतारीख ठाऊक, पॅन ठाऊक, व्याजाचा पैन्‌पै हिशेब ठाऊक. पण कागदाची आठवण करून द्यायचे काम तेवढे कोणाचेच नाही.

वयाचे आणखी एक. आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख गुरुजींनी 1 जून लावलेली आहे. आधारवर एक साल, पॅनवर दुसरे, असे असले की बँकेचा संगणक माणसाला साठीचा मानायला तयार होत नाही. मिशा पांढऱ्या झालेल्या त्याला दिसत नाहीत.

एकदा कापलेला पैसा बँक परत देऊ शकत नाही, तो आयकर खात्याकडे गेलेला असतो. तो विवरणपत्र भरूनच मागावा लागतो. आजींचे विवरणपत्र आम्ही त्याच आठवड्यात रत्नागिरीत एका जाणत्या मुलाकडून भरून घेतले. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर उशिराचा दंड लागत नाही, हे आम्हालाही तेव्हाच कळले. खात्याकडे 26-एएस नावाचा उतारा असतो, त्यात कोणी किती कापून भरले ते दिसते. हा आयकराचा सातबाराच म्हणा. 6,300 रुपये त्यात आजींच्या नावे चढलेले होते. अडले ते शेवटच्या पायरीवर. खातरजमेचा आकडा आधारला जोडलेल्या फोनवर येतो, आणि फोन मुंबईला मुलाच्या खिशात. तो कामावर होता. तीनदा आकडा येऊन वाया गेला, चौथ्यांदा जमले. हेही जमत नसेल तर सही केलेली पोच तीस दिवसांत टपालाने बंगळूरला धाडता येते.

शेजारच्या काकांचे जमले नाही. वय 78, पॅन आधारला जोडलेले नाही. असे पॅन 1 जुलै 2023 पासून निष्क्रिय झाले. त्यावर कटती जास्त आणि परतावा बंद. जोडायचे तर हजार रुपये भरा. ऐंशी पूर्ण झालेल्यांना ही सक्ती नाही. काका म्हणाले, मग दोन वर्षं थांबतो. हसण्यावारी नेले त्यांनी, पण हिशेब बरोबर होता.

आजींचे 6,300 फेब्रुवारीत खात्यावर आले. आधीच्या वर्षाचे 5,400 मात्र मुदत टळलेले. त्यासाठी विलंब माफ करा असा अर्ज करावा लागतो. 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो करता येतो, मात्र अशा उशिराच्या परताव्यावर व्याज मिळत नाही. अर्ज गेला आहे. या मजकुराच्या वेळेपर्यंत उत्तर आमच्या कानावर नाही.

आपल्याकडे हा प्रश्न कुठे आहे? जिथे जिथे रस्ता, धरण, कालवा गेला तिथे. समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालन्यातून गेला. जमीन गेली, मोबदला आला, आणि शहाण्या म्हाताऱ्यांनी तो बँकेत ठेवला. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या 96 व्या कलमाने मोबदल्यावर आयकर नाही. पण त्या मोबदल्याच्या ठेवीचे व्याज हे शेतीचे उत्पन्न नव्हे, त्यावर कटती होते. सोळा लाखांची ठेव, सात टक्के व्याज, वर्षाचे 1,12,000. वाढवलेली मर्यादाही ओलांडली, 11,200 कापले. जमीन गेलेली, दुसरे उत्पन्न नाही, देणे शून्य.

विवरणपत्र भरताना आपल्या लोकांची एक खास चूक होते. शेतीच्या उत्पन्नाला केंद्राचा आयकर नाही, म्हणून ते लिहायचेच नाही असा समज आहे. ते लिहायचे असते. आणि आजवरच्या नियमाने ते 5,000 रुपयांच्या वर असेल तर "सहज" नावाचा सोपा नमुना चालत नाही, दुसरा मोठा नमुना लागतो. कोरडवाहू ज्वारीतून पाच हजार तरी सुटतात का, हा प्रश्न वेगळा. तोट्याची शेती दाखवायला आयकरात रकाना ठेवणाऱ्याने फार विचार केलेला दिसत नाही.

आमच्यातच दोन आक्षेप निघाले. एक, नऊ लाखांची ठेव असणारी बाई गरीब कशी? ती ठेव म्हणजे तिची शेती आहे. आपण ज्याच्याकडे पाच एकर आहे त्याला त्या पाच एकरांच्या किमतीवरून श्रीमंत म्हणत नाही. पिकते काय ते पाहतो. दुसरा आक्षेप जास्त खरा: भाव मागणाऱ्या संघटनेने अर्ज भरत बसायचे का? आम्हालाही अर्ज-विनंत्यांचा तिटकारा आहे. पण हे अनुदान नाही, सूट नाही, दया नाही. आपला पैसा त्यांच्याकडे चुकून गेला आहे आणि तो त्यांना ठाऊक आहे. मागणी तीच करायची: ज्या पॅनवर सगळ्या बँकांचे व्याज मिळूनही करपात्र मर्यादेच्या आत आहे आणि दुसरे उत्पन्न नोंदलेले नाही, तिथे कापू नका, कापले तर वर्ष संपताच आपणहून परत करा. खात्याच्या संगणकात हे सगळे आकडे आधीच भरलेले असतात. तोपर्यंत म्हाताऱ्या माणसांचे पैसे अडकू देणे, हे काही आंदोलन नव्हे.

अमेरिकेत 1978 च्या कायद्याने साठीपुढच्या लोकांची विवरणपत्रे फुकट भरून द्यायची सोय केली, सरकार त्यासाठी संस्थांना पैसे देते आणि स्वयंसेवक काम करतात. कॅनडात असे काम 1971 पासून चालते. आपल्याकडे गल्लीतला दलाल परताव्यात हिस्सा मागतो, आणि हिस्सा वाढावा म्हणून खोट्या वजावटी घुसवतो. जुलै 2025 मध्ये आयकर खात्याने अशा खोट्या दाव्यांची देशभर तपासणी केली. सही म्हाताऱ्याची असते, नोटीस म्हाताऱ्याला येते. म्हणून काम आपल्याच पोरांनी करावे, आणि एक रुपया खोटा लिहू नये. ज्याला खरोखर कर बसतो त्याला 15-एच भरायला लावणे हाही गुन्हाच आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीला दाराशी एक टेबल असेल. साठीपुढच्या प्रत्येकाने पासबुक, पॅन, आधार आणि आधारला जोडलेला फोन ज्याच्याकडे असेल तो नातू बरोबर आणावा. ज्यांना येणे होणार नाही त्यांची पासबुके गावातल्या कार्यकर्त्याने घरी जाऊन पाहावीत, आणि कुठे टीडीएस असे लिहिलेले दिसले तर साल आणि रक्कम उतरवून आणावी.