विश्लेषण: डिझायनर गेल्यावर गाडीचा चेहरा बदलतो का? जॅग्वार, जेरी मॅकगव्हर्न आणि बॉम्बे हाऊससमोरचा पेच

2024 संपता संपता रेवदंड्याच्या किनाऱ्यावरचा एक व्हिडिओ जवळपास प्रत्येकाच्या फोनवर येऊन गेला. वाळूत रुतलेली फेरारी, तिला बांधलेला दोर आणि तो दोर ओढणारी बैलगाडी. कोट्यवधींची गाडी बैलांनी बाहेर काढली म्हणून लोक पोट धरून हसले. रुतलेली गाडी दुसऱ्या एखाद्या कंपनीची असती, तर तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी कुणाला आठवलाही नसता. गाडी लांबूनच फेरारी म्हणून ओळखू आली, इथेच सगळी गंमत होती.

रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून कोर्लई मागे टाकलं की पुढे काशीद लागतं. भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट 2020 मध्ये सुरू झाली आणि मुंबईतल्या मोठ्या गाड्या थेट या बाजूला उतरू लागल्या. शनिवारी सकाळी काशीदच्या सुरूच्या झाडांखाली उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या, तर देशात काय खपतं आणि कुणाला काय मिरवायचंय, हे बऱ्यापैकी कळतं. पंच, नेक्सॉन, थार आणि मधेच एखादी चौकोनी, धिप्पाड डिफेंडर. जॅग्वार मात्र क्वचितच दिसते.

यातली डिफेंडर ज्यांच्या देखरेखीखाली घडली, ते ब्रिटिश डिझायनर जेरी मॅकगव्हर्न डिसेंबर 2025च्या पहिल्या आठवड्यात अचानक बातम्यांत आले. टाटांच्या मालकीच्या जॅग्वार लँड रोव्हरमधून, म्हणजे जेएलआरमधून, ते बाहेर पडल्याचं वृत्त आधी वाहनविषयक माध्यमांनी आणि मग जगभरच्या वृत्तसंस्थांनी दिलं. मॅकगव्हर्न यांना काढून टाकल्याचं म्हणणं खरं नाही, असा खुलासा कंपनीने केला. पण तोपर्यंत सोशल मीडियावर निकाल लागून गेला होता. 'गुलाबी जॅग्वारवाला गेला, आता जुनी जॅग्वार परत येणार,' असा त्या निकालाचा सूर होता.

हा निष्कर्ष फारच घाईचा आहे. त्यात गाडी कशी बनते हेही लक्षात घेतलेलं नाही आणि निर्णय नेमका कोण घेतं हेही.

वाद कशावरून पेटला?

19 नोव्हेंबर 2024 रोजी जॅग्वारने एक जाहिरात टाकली. भडक रंग, चित्रविचित्र पोशाखातली माणसं, 'कशाचीही नक्कल करू नका' अशा अर्थाचं घोषवाक्य. गाडी मात्र एकही नाही. 'तुम्ही गाड्या विकता का?' असा प्रश्न इलॉन मस्क यांनी एक्सवर विचारला आणि पुढचे कित्येक दिवस मीम्सचा पाऊस पडला. नेहमीचा झेपावणारा जॅग्वार मागे पडला आणि कंपनीचं नाव नव्या अक्षरांत आलं.

दोनच आठवड्यांत मायामीमध्ये 'टाइप 00' ही संकल्पना-गाडी सादर झाली. लांबलचक बॉनेट, बसकं छप्पर, 23 इंचांची चाकं आणि मागच्या काचेच्या जागी सपाट पत्रा. मागचं पाहायला कॅमेरे. रंग दोन, गुलाबी आणि निळा. जून 2025 मध्ये ती मुंबईतही दाखवण्यात आली. कुणाला ती धाडसी वाटली, तर कुणाला खेळण्यातली. ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनीही या जाहिरातीवर तोंडसुख घेतलं, म्हणजे विषय गाड्यांच्या शौकिनांपलीकडे केव्हाच गेला होता.

या सगळ्याचा चेहरा ठरले मॅकगव्हर्न. ते कंपनीचे मुख्य सर्जनशील अधिकारी होते, लँड रोव्हरबरोबर जॅग्वारचीही सूत्रं त्यांच्याकडे आली होती आणि मायामीच्या मंचावर गाडीची बाजू मांडायलाही तेच उभे होते.

शिव्या खाल्लेल्या गाड्या, आणि खपलेल्याही

मॅकगव्हर्न यांना टीका नवी नाही. 1948 पासून चालत आलेल्या मूळ लँड रोव्हरचा वारसा सांगणाऱ्या जुन्या डिफेंडरचं उत्पादन जानेवारी 2016 मध्ये थांबलं. 2019 मध्ये नवी डिफेंडर आली, तेव्हा जुने चाहते भडकले. शेतात, चिखलात राबणारी गाडी शहरी श्रीमंतांची खेळणी करून टाकली, अशी तक्रार होती. ती अगदीच चुकीची नव्हती. काशीदला येणाऱ्या किती डिफेंडरनी आयुष्यात चिखल पाहिलाय, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

पण विक्रीचे आकडे वेगळं सांगतात. 2024-25 या आर्थिक वर्षात सुमारे 1 लाख 15 हजार डिफेंडर विकल्या गेल्या. जेएलआरची सर्वाधिक खपणारी गाडी तीच. त्याआधी 2011 मध्ये आलेल्या इव्होकबद्दलही 'ही कसली लँड रोव्हर' असं म्हटलं गेलं होतं. टाटांनी जून 2008 मध्ये फोर्डकडून 2.3 अब्ज डॉलरना ही कंपनी विकत घेतली, त्यानंतर लगेच जगभर मंदी आली आणि टाटांनी हा हत्ती पोसायला घेतलाच कशाला, असं विचारलं जाऊ लागलं. कंपनीला त्या खड्ड्यातून वर काढणाऱ्या गाड्यांत इव्होकचा वाटा मोठा होता.

म्हणजे ज्या माणसाच्या नावाने जॅग्वारचे चाहते बोटं मोडतात, त्याच्याच काळातल्या रेंज रोव्हर आणि डिफेंडरच्या पैशांवर जॅग्वारचा नवा संसार उभा राहतोय. जॅग्वारची अवस्था तर गुलाबी रंगाच्या आधीपासूनच बिकट होती. 2018 मध्ये जगभरात सुमारे 1 लाख 80 हजार जॅग्वार विकल्या गेल्या होत्या. पुढच्या पाच वर्षांत हा आकडा 70 हजारांच्याही खाली आला. 'जुनी जॅग्वारच छान होती' म्हणणाऱ्यांपैकी फार कमी जणांनी ती विकत घेतली, असंच हे आकडे सांगतात.

दूर न जाता, पुण्यातलं उदाहरण

डिझायनर गेल्यावर नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला ब्रिटनला जायची गरज नाही.

प्रताप बोस हे टाटा मोटर्सच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते. टियागो, नेक्सॉन, हॅरियर, अल्ट्रोझ या त्यांच्या काळातल्या गाड्या. 'टाटाची गाडी म्हणजे टॅक्सी' ही समजूत पुसायला या गाड्यांनी मोठी मदत केली. मे 2021 मध्ये बोस यांनी टाटा सोडलं. आता टाटाच्या गाड्यांचं कसं होणार, अशी चर्चा तेव्हाही झाली होती.

झालं काय? ऑक्टोबर 2021 मध्ये पंच बाजारात आली. बोस जाऊन पाच महिने झाले होते, पण गाडीचा आकार त्यांच्याच कारकिर्दीत ठरलेला होता. ही पंच 2024 मध्ये देशात सर्वाधिक खपणारी गाडी ठरली आणि मारुतीची चार दशकांची मक्तेदारी मोडली. माणूस प्रतिस्पर्ध्याच्या कार्यालयात बसलेला आणि त्याच्या काळातली गाडी जुन्या मालकाला पहिला नंबर मिळवून देतेय!

उलट बाजूही पाहा. बोस महिंद्रात गेले आणि ऑगस्ट 2021 मध्ये एक्सयूव्ही 700 आली. तिचं काम त्यांच्या आधीच संपलेलं होतं. त्यांची छाप पूर्णपणे दिसणाऱ्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या इलेक्ट्रिक गाड्या यायला नोव्हेंबर 2024 उजाडला. तब्बल तीन वर्षांहून जास्त काळ. (बीई 6चं मूळ नाव 'बीई 6ई' होतं. इंडिगो विमान कंपनीने '6ई'वर हक्क सांगून कोर्ट गाठलं आणि महिंद्राने शेवटचा 'ई' सोडून दिला. तो किस्सा वेगळाच.)

इतका वेळ का लागतो? आधी कागदावर आणि संगणकावर रेखाटनं होतात. मग खास मातीचं पूर्ण आकाराचं मॉडेल बनतं. ते तासून तासून एकदा आकार पक्का झाला, की त्यावरून पत्रा दाबायचे साचे बनवायला घेतात. एका दरवाजासाठी एकच साचा पुरत नाही, त्यांची मालिकाच लागते. पिंपरी-चिंचवड, चाकण, भोसरीच्या टूलरूममध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा, साचा बनल्यावर 'ही रेघ जरा खाली घ्या' म्हटल्यावर काय ऐकावं लागतं ते. त्याच आकारावर अपघाताच्या चाचण्या होतात, दिव्यांपासून काचांपर्यंतच्या ऑर्डरी निघतात. हे सगळं सुरू झालं की डिझायनर राहो वा जावो, गाडीचा चेहरा फारसा हलत नाही.

जॅग्वारची पहिली नवी इलेक्ट्रिक गाडी, चार दारांची जीटी, 2026 मध्ये जगासमोर आणायचं कंपनीने ठरवलंय. किंमत ब्रिटनमध्ये एक लाख पौंडांच्या पुढे असेल, म्हणजे साधारण सव्वा कोट रुपयांच्या आसपास सुरुवात, आणि भारतात कर धरून कितीतरी जास्त. तिचा आकार केव्हाच पक्का झालाय. मॅकगव्हर्न कुठेही असले तरी ती त्यांच्याच काळातली गाडी म्हणून रस्त्यावर येईल. बदल झालेच तर रंग, आतली सजावट आणि जाहिरातीत होतील. आणि खरं सांगायचं तर जाहिरात बदलली तरी अर्धा राग निवेल, कारण लोकांनी शिव्या घातल्या त्या मुळात जाहिरातीलाच.

मग धोका कुठे आहे?

अगदी तयार होत आलेली गाडीसुद्धा रद्द होऊ शकते, आणि जॅग्वारमध्ये हे एकदा घडलंय. इलेक्ट्रिक एक्सजे ही गाडी जवळजवळ तयार होती. नवे प्रमुख थिएरी बोलोरे आले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये ती एका घोषणेत मोडीत निघाली. जॅग्वार आता पूर्ण वेगळी, महागडी आणि फक्त इलेक्ट्रिक होणार, असं ठरलं. पुढच्याच वर्षी बोलोरे यांनीही कंपनी सोडली. त्यांच्या जागी आलेले एड्रियन मार्डेल 2025 मध्ये निवृत्त झाले. दरम्यान जुन्या जॅग्वार एकेक करून बंद पडल्या आणि ब्रिटनमध्ये नव्या जॅग्वारची विक्री नोव्हेंबर 2024 मध्ये थांबली.

म्हणून या कहाणीत डिझायनरपेक्षा प्रमुख बदलणं जास्त महत्त्वाचं आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये पी. बी. बालाजी जेएलआरचे प्रमुख झाले. हे पद सांभाळणारे ते पहिले भारतीय. आयआयटी मद्रास, आयआयएम कलकत्ता, हिंदुस्तान युनिलिव्हर आणि 2017 पासून टाटा मोटर्सचे वित्तप्रमुख, असा त्यांचा प्रवास. जेएलआर विकत घेताना टाटा समूहाचे अध्यक्ष असलेले रतन टाटा स्वतः वास्तुकला शिकलेले होते. आता खुर्चीवर हिशेबाचा माणूस आहे. त्यामुळे आकृतीबंधावर जीव लावणाऱ्यांनी धास्तावावं असं काही नाही, पण प्रत्येक रेघेचा खर्च विचारला जाईल हे नक्की.

त्यांच्यासमोरचा ताळेबंदही सोपा नाही. सप्टेंबर 2025च्या सायबर हल्ल्याने ब्रिटनमधले कारखाने पाच आठवड्यांहून अधिक काळ थंडावले. 2024-25 मध्ये 2.5 अब्ज पौंडांचा करपूर्व नफा दाखवणाऱ्या कंपनीला जुलै ते सप्टेंबर 2025 या तिमाहीत 48.5 कोटी पौंडांचा करपूर्व तोटा झाला. जिचा पहिला ग्राहक अजून यायचाय, त्या जॅग्वारवर किती काळ पैसा ओतायचा, हा प्रश्न अशा वेळी आपोआप वर येतो.

आणि तो फक्त साहेबी शौकाचा प्रश्न नाही. टाटा मोटर्सच्या एकूण उत्पन्नात जेएलआरचा वाटा दोन-तृतीयांशांच्या आसपास राहिलाय. ऑक्टोबर 2025 मध्ये कंपनीचे दोन भाग झाले, तेव्हा जेएलआर प्रवासी वाहनांच्या कंपनीकडे गेली. घरातल्या वडीलधाऱ्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेले टाटा मोटर्सचे शेअर असतील, तर त्यातल्या एका भागाचं भवितव्य या ब्रिटिश गाड्यांवर टांगलेलं आहे. पुण्यात रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्टची जुळणी 2024 पासून होते. ब्रिटनबाहेर या दोन गाड्या जुळवल्या जाण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्यामुळे त्यांच्या किमती बऱ्याच खाली आल्या. पुण्यातल्या या कामाला जॅग्वारच्या यशाची गरज नाही, पण रेंज रोव्हरची कमाई जॅग्वारमध्ये किती जाते, याचा संबंध सगळ्यांशीच आहे.

बीएमडब्ल्यूने काय केलं होतं?

असाच गदारोळ बीएमडब्ल्यूमध्ये झाला होता. अमेरिकन डिझायनर क्रिस बँगल 1992 मध्ये तिथे डिझाइनप्रमुख झाले. 2001च्या सेव्हन सीरिजची डिकी पाहून चाहते इतके संतापले, की त्यांना काढून टाकण्यासाठी ऑनलाइन सह्यांची मोहीम निघाली. कंपनी हलली नाही. 2005 मध्ये बीएमडब्ल्यूने विक्रीत मर्सिडीजला मागे टाकलं. बँगल 2009 मध्ये स्वतःहून बाहेर पडले, त्यांची जागा त्यांच्याच हाताखाली काम केलेल्या एड्रियन व्हॅन हूयडोंक यांनी घेतली. गाड्यांच्या रेघा जरा शांत झाल्या, पण कंपनी जुन्या वळणावर परत गेली नाही.

बँगल यांच्या पाठीशी बाजार होता, मॅकगव्हर्न यांच्या जॅग्वारला बाजाराने अजून हातही लावलेला नाही. दोघांत हाच मोठा फरक आहे. त्यामुळे टाइप 00 चुकली की बरोबर होती, हे आज कुणीही छातीठोकपणे सांगत असेल, तर तो अंदाजच सांगतोय. बॉम्बे हाऊसने पहिली गाडी येऊ द्यावी आणि खरी चाचणी दुसऱ्या-तिसऱ्या मॉडेलच्या वेळी घ्यावी, हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग दिसतो. ऐन वेळी घाबरून मधलंच काहीतरी केलं, तर जुने चाहते परतणार नाहीत आणि नवे आधीच गोंधळलेले आहेत.

ती जीटी कधी अलिबाग-मुरुड रस्त्याला लागलीच, तर 23 इंची चाकं आणि बसका तळ घेऊन ती काशीदपर्यंतचे गतिरोधक कशी पार करते, हे पाहायला मोबाइल बाहेर निघतीलच. वाळूत उतरवायचा मोह मात्र चालकाने आवरावा. रेवदंड्याची बैलगाडी दरवेळी मोकळी असेलच असं नाही.