दोष मुलाचा की ब्राउझरचा?

गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलाचे अब्बू शाळेत आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "सर, पोरगा हाताबाहेर गेला. कॉम्प्युटर लावला की नको ती चित्रं दिसतात. त्याच्या दादीसमोर शरमेनं मान खाली गेली. रागात मी हात उचलला. तो कसम खाऊन सांगतो, मी काही पाहिलं नाही."

मगरिबनंतर त्यांच्या घरी गेलो. क्रोम उघडला, तर गूगलच्या जागी भलत्याच नावाचं पान आलं. शब्द शोधायला टाकला की तिसरीकडेच उडी. कोपऱ्यात जाहिरातींचा पाऊस. मुलाला जवळ बसवून विचारलं, "बेटा, नवीन काय टाकलंस?" म्हणाला, "सर, पीडीएफचं वर्ड करणारं सॉफ्टवेअर. प्रोजेक्टसाठी. फुकट होतं."

चोर तिथेच होता. याला ब्राउझर हायजॅकर म्हणतात. फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत तो चोरपावलांनी येतो. खिडकीत आधीच टिक केलेलं असतं, आपण न वाचता 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबतो. मग तो आपल्याला ठरावीक पानांवर ओढतो आणि त्यावर त्याचा धनी पैसे कमावतो. 2017 मध्ये 'फायरबॉल' नावाचा असाच हायजॅकर जगभर पसरल्याचं चेक पॉइंट या कंपनीनं उघड केलं होतं.

आम्ही केलं ते असं. क्रमानेच करा.

1. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' उघडा. यादी तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसांतलं अनोळखी सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करा. हे राहिलं तर बाकीची मेहनत वाया जाते.

2. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके दाबून 'एक्स्टेन्शन्स'मध्ये जा. आपण न टाकलेली सगळी काढा.

3. सेटिंग्जमध्ये 'सर्च इंजिन' आणि 'ऑन स्टार्टअप' तपासून नीट करा. 'साइट सेटिंग्ज'मधल्या 'नोटिफिकेशन्स'मध्ये अनोळखी साइटना दिलेली परवानगी काढा. कोपऱ्यातल्या जाहिराती बहुधा तिथूनच येतात.

4. तरीही जात नसेल तर 'रिसेट सेटिंग्ज' करा. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत.

5. शेवटी 'विंडोज सिक्युरिटी'तून फुल स्कॅन. याला वेळ लागतो, सब्र ठेवा.

हे होईपर्यंत त्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम किंवा स्कॉलरशिपचा फॉर्म नको. नंतर महत्त्वाचे पासवर्ड मोबाइलवरून बदला. आणि 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा' असं पडद्यावर आलं तर मुळीच फोन करू नका. तो दुसरा चोर.

पुढे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. 'कस्टम' निवडा आणि प्रत्येक टिक वाचा.

तासाभरात गूगलचं पान परत आलं. अब्बू बराच वेळ गप्प होते. मग मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "बेटा, माफ कर. मी तुझं ऐकायला हवं होतं."

कॉम्प्युटर साफ करायला एक तास लागला. बदगुमानीचा डाग इतक्या लवकर जात नाही. म्हणून माझ्या बंधू-भगिनींनो, पडद्यावर काही वाईट दिसलं, तर आधी ॲप्सची यादी उघडा. मुलाला मात्र जवळ बसवूनच विचारा.