१०० पैकी ९२



दिवाळीनंतर इथे काही लिहिलं नाही. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग गुडघे, मग निव्वळ आळस... असो. आज मात्र राहवत नाही.

माझ्या बहिणीचा नातू नागपूरला प्रोग्रॅमिंग करतो. आमच्या भंडाऱ्याकडच्या एका राईस मिलच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर त्याच्याकडे आहे. हल्ली कोड तो स्वतः कमी लिहितो, एआय मदतनिसाकडून लिहून घेतो. या मदतनिसाला कालचं काम आज आपोआप आठवतंच असं नाही. म्हणून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये सूचनांची एक फाईल ठेवतात. क्लॉड कोडची 'क्लॉड डॉट एमडी', आणि २०२५ पासून बऱ्याच मदतनिसांना चालणारी 'एजंट्स डॉट एमडी'. नवं काम घेताना तो आधी ती वाचतो. रजेवर जाणाऱ्या मास्तरनं बदली मास्तरसाठी टेबलावर ठेवलेली चिठ्ठीच म्हणा ना!

तर पोरगा सुट्टीत आला आणि लॅपटॉप पुढे करून म्हणाला, "आबाजी, पहा, माह्या फाईलले शंभरपैकी ब्याण्णव भेटले."

"कोणी दिले?"

तर अशा फायली तपासणारं म्हणे एक साधन आहे. मथळे आहेत का, मुद्दे सुटसुटीत आहेत का, प्रकल्पाची ओळख आहे का, हे पाहतं आणि गुण देतं. शेवटचे काही गुण दुसरा एक एआय भाषा वाचून देतो. मी फाईल वाचली. इंग्रजी माझं बेताचंच (मराठी माध्यमातला बी.ए. आहे मी, लपवत नाही), पण तेवढं कळलं. 'स्वच्छ कोड लिहा.' 'नावं अर्थपूर्ण द्या.' 'चुका काळजीपूर्वक हाताळा.' अरे, हे तर त्या मदतनिसाला जन्मतःच ठाऊक असणार! बदली मास्तरच्या चिठ्ठीत 'मुलांना नीट शिकवा' लिहिल्यासारखं हे.

आणि जे त्याला कोणीच सांगितलं नव्हतं, ते फाईलमध्ये नव्हतं. खंडी!

आमच्याकडे धान अजून बोलण्यात खंडीनं मोजतात. पण खंडी म्हणजे किती, हे मुलखामुलखात बदलतं. मिलच्या जुन्या वह्यांत आकडे खंडीत, नव्या पावत्या क्विंटलमध्ये. मदतनिसानं कुठलीतरी दुसऱ्याच मुलखाची खंडी धरली आणि ऐटीत हिशेब मांडून दिला. कोड स्वच्छ, नावं अर्थपूर्ण, चुका काळजीपूर्वक हाताळलेल्या... फक्त शेतकऱ्याचं धान कमी! नशीब, पावत्या वाटायच्या आधी मिलच्या म्हाताऱ्या दिवाणजींनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "हे खंडी कुठली व्हय?" नाहीतर चार महिने चिखलात घालवलेल्या माणसाला कमी पैशांची पावती मिळाली असती, आणि वर ऐकावं लागलं असतं की कॉम्प्युटर चुकत नाही.

मग हे ९२ गुण कशाचे?

मी ३४ वर्षं टाचणवह्या लिहिल्या. तपासणीला येणारे साहेब वही उघडत, उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, मूल्यमापन असे रकाने भरलेले पाहत आणि लाल शाईत 'उत्तम' लिहीत. वर्गात पाच मिनिटं बसत नसत. आमच्या एका गुरुजींची वही प्रदर्शनात ठेवावी अशी; त्यांच्या पोरांना नकाशात वैनगंगा दाखवता येत नव्हती. दुसरे एक पाकिटाच्या पाठीवर चार ओळी खरडून वर्गात जायचे, आणि पोरं घंटा झाली तरी उठायची नाहीत. शेरा कुणाला चांगला मिळे, हे सांगायला नको.

तोच रोग आता यंत्रापर्यंत पोचलाय, यावर माझा आक्षेप आहे. गंमत म्हणजे एजंट्स डॉट एमडीत कुठलंच शीर्षक सक्तीचं नाही. साधा मजकूर, हवा तसा लिहा. ज्यांनी ती पद्धत आणली त्यांनी रकाने आखले नाहीत, तपासनिसांनी आखले! आणि एका एआयच्या सूचना दुसऱ्या एआयकडून तपासून घेणं म्हणजे पोरांनी एकमेकांचे पेपर तपासण्यासारखं. दोघांनाही खंडी ठाऊक नाही, मग गुण कापणार कोण?

पोरगा म्हणाला, "पण आबाजी, काहीतरी मोजमाप पाहिजे ना?" बरोबर आहे त्याचं. फाईलमध्ये लिहिलेली आज्ञा खरंच चालते का, दिलेला फोल्डर जागेवर आहे का, हे यंत्रानं जरूर तपासावं. (त्याच्या फाईलमधली चाचणी चालवायची आज्ञा मार्चमध्येच बदलली होती, तरी ९२!) पण फाईल चांगली की वाईट हे फाईल वाचून कळतच नाही. काम पाहावं लागतं. मी त्याला बसवलं. मिलच्या रोजच्या कामातली तीन कामं घे. फाईल ठेवून करवून घे, मग काढून करवून घे. एकदा नाही, दोन-तीनदा, कारण हा गडी दरवेळी तेच उत्तर देत नाही. निकाल दिवाणजींना दाखव, यंत्राला नको.

खर्च होतो, अशी कुरकुर झाली. अरे, पण ती फाईल दर कामाच्या सुरुवातीला वाचली जाते. तिच्यातली फुकट ओळसुद्धा रोज जागा खाते, पैसे खाते. त्याचा हिशेब कोण करतो?

साठेक ओळी होत्या. बहुतेक काढल्या तरी कामात काडीचा फरक पडला नाही. चार ठिकाणी मोठ्या अक्षरांत 'महत्त्वाचे!' होतं, तेही गेलं. सारखा ओरडणाऱ्या मास्तरकडे पोरं बघतही नाहीत. उरल्या १४ ओळी. नवी एक दिवाणजींनी तोंडी सांगितली आणि पोरानं टाईप केली: या मिलची खंडी किती किलोची, आणि शंका आली तर हिशेब थांबवून विचार.

परवा त्यानं त्या फाईलला पुन्हा गुण घेतले. ५८! मला फोटो पाठवलाय, खाली हसरा चेहरा. दिवाणजींना मात्र अजून दाखवलेला नाही, ते रोवणीच्या पैशांच्या हिशेबात आहेत. :-)