भूतबंगल्याला मधलं दार हवं

सुट्टीच्या दिवसांत गावातल्या मैदानावर आनंदमेळा लागला, की आकाशपाळण्याच्या शेजारी भूतबंगला हमखास असतो. दर्शनी पडद्यावर लोंबती लाल जीभ, भोंग्यातून कर्कश हसणं. आत प्लायवूड आणि काळ्या कापडाचा बोळ. वळणावर मुखवटा घालून दबा धरलेला पोरगा येणाऱ्याचा घोटा पकडतो. मोठी माणसं किंचाळतात आणि लगेच खिदळतात. सहा वर्षांचं पोर खिदळत नाही. ते बापाची पँट मुठीत धरून डोळे गच्च मिटतं. वर बाप म्हणतो, "मुलगा ना तू? रडतोस काय असा!"

पोराची भीती घालवायची ही पद्धत आपल्याकडे फार लाडकी आहे. तिने भीती जाते, असं मानायला मात्र काही आधार नाही.

भीतीची मजा असते, यात वाद नाही. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी 110 जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून एका भूतबंगल्यात सोडलं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की भीती फार कमी पडली तर मजा येत नाही आणि फार झाली तरी येत नाही. गोडी असते मधल्या टप्प्यावर. पण ती माणसं राजीखुशीने आत गेली होती. बापाच्या हौसेपायी आत गेलेल्या पोराचा मधला टप्पा कोणता, हे पोरच सांगू शकतं. त्याने "बास" म्हटलं, की तिथल्या तिथे बाहेर पडता आलं पाहिजे. पुष्कळ भूतबंगल्यांत तशी सोयच नसते. एका टोकाने शिरायचं आणि सगळी भुतं भोगून दुसऱ्या टोकाने निघायचं.

हेच मधलं दार जिवाशीही बांधलेलं आहे.

9 जून 1979 च्या रात्री सिडनीच्या लूना पार्कमधल्या 'घोस्ट ट्रेन'ला आग लागली आणि सात जण गेले, त्यांतली सहा मुलं. आग कशाने लागली, याचा छडा लागला नाही. 11 मे 1984 ला न्यू जर्सीतल्या 'सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर'मधला भूतकिल्ला पेटला. एकमेकांना जोडलेल्या ट्रेलरांमध्ये अंधारा, वाकडातिकडा रस्ता केलेला, आत भडकन पेटणारा फोम आणि वर पाण्याचे फवारे नाहीत. आठ किशोरवयीन मुलं आत अडकून मेली. खटल्यात उद्यानाची मालक कंपनी निर्दोष सुटली. पुढे अमेरिकेत अशा अंधाऱ्या खेळघरांसाठी धुराची सूचना देणारी यंत्रं आणि फवारे यांचे नियम कडक झाले.

लांब जायलाही नको. 25 मे 2024 ला राजकोटचं 'टीआरपी गेम झोन' जळालं, तेव्हा पंचवीसहून अधिक माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नसताना ते चालू होतं. तो भूतबंगला नव्हता. उजेडातल्या खेळघराची ही गत, तर मुद्दाम काळोख केलेल्या कापडी बोळाचं काय होईल?

मैदान भाड्याने देणाऱ्या नगरपालिकांनी परवानगी देण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: बोळाच्या मध्यावर बाहेर पडायचं दार, आणि एका बटणासरशी लागणारे दिवे. आईबापांनी तिकीट काढण्याआधी खिडकीवरच्या माणसाला विचारावं, "मध्येच बाहेर यायचं झालं तर कुठून?" धड उत्तर आलं नाही, तर पोराला सरळ आकाशपाळण्यात बसवावं.