रुमालाखालचा भाव आणि मोबाइलचा नंबर



गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरायचा. बैल आपला, पण सौदा काय झाला ते सर्वांत शेवटी कळायचे आपल्यालाच. ज्याच्या हाती माहिती त्याच्या हाती भाव, हा धडा आपण तिथे शिकलो. मोबाइलच्या बाबतीत तोच धडा पुन्हा गिरवायची वेळ आली आहे.

‘आम्हाला त्या इंटरनेटशी काय करायचे?’ असे म्हणून आता भागत नाही. पिकाची नोंद २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपवर. हमीभावाने कापूस घालायचा तर २०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळाच्या ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी. योजनेचा लाभ घ्यायचा तर ॲग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक. सिल्लोड असो की पैठण, आपण या बाजारात उतरलोच आहोत. मग इथे आपली कोणती नोंद होते आणि ती कोणाच्या वहीत जाते, हे कळायला नको का?

पहिली नोंद आयपी ॲड्रेसची. मोबाइल इंटरनेटला जोडला की कंपनी त्याला एक नंबर देते. आपण मागितलेली माहिती कुठे पोचवायची ते त्यावरून ठरते. जुन्या पद्धतीत हा नंबर म्हणजे शून्य ते २५५ मधले चार आकडे. असे नंबर जगात सुमारे ४२९ कोटीच होतात आणि इंटरनेटला जोडलेली यंत्रे त्याहून कितीतरी जास्त आहेत. म्हणून मोबाइल कंपन्या एकच नंबर एका वेळी अनेक गिऱ्हाइकांना वापरू देतात. नव्या पद्धतीच्या लांब नंबरांचा तुटवडा नाही, पण मोबाइलवर तेही बदलत राहतात. थोडक्यात, हा नंबर सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकासारखा कायमचा नाही. खरेदी केंद्रावरच्या टोकनसारखा आहे. आज तुमच्या गाडीला, उद्या दुसऱ्याच्या.

नुसत्या या टोकनवरून समोरच्याला तुमचे नाव-गाव कळत नाही. नेट कोणत्या कंपनीचे आणि भाग साधारण कोणता, एवढेच कळते. तेही पुष्कळदा चुकते. माणूस सोयगावात आणि नोंद मुंबईची. पण कोणत्या वेळी टोकन कोणाकडे होते याची वही कंपनीकडे असते, आणि तपासासाठी पोलीस ती मागवू शकतात.

ती वही चुकली तर? ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर आला. आयपी ॲड्रेसवरून पुणे पोलिसांनी २००७ साली बंगळुरूच्या एका तरुणाला अटक केली. इंटरनेट कंपनीने दिलेली माहितीच चुकीची निघाली. तोवर त्या निरपराध तरुणाचे ५० दिवस तुरुंगात गेले. नंबर म्हणजे माणूस नव्हे. म्हणून आपल्या नावाचे सिमकार्ड दुसऱ्याला देऊ नका आणि अनोळखी माणसाला हॉटस्पॉट देऊ नका. कृत्य त्याचे, पण वहीत नाव तुमचे.

‘आम्ही चोरी केली नाही, आम्हाला लपवायचे काय?’ असे काही जण विचारतात. लपवायचे आहे, आणि हक्काने लपवायचे आहे! घरात किती क्विंटल कापूस भाव वाढण्याची वाट पाहत पडला आहे, बँकेचा हप्ता कधी भरायचा आहे, मुलीचे लग्न कोणत्या महिन्यात आहे, हे खरेदीदाराला आधीच कळले तर तो भाव कशाला वाढवील? अडलेला माणूस पडेल भावाने विकतो, हे त्याला ठाऊक असते.

आणि ही माहिती आयपी ॲड्रेसमधून फुटत नाही. ती आपण आपल्या हाताने देतो. ई-पीक पाहणीला शेताचे ठिकाण लागते, ते दिलेच पाहिजे. पण बॅटरी लावायच्या ॲपला तुमचे ठिकाण आणि तुमच्या ओळखीच्यांचे नंबर कशाला? नाही म्हणा. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल आली तर उघडू नका. त्यातून मोबाइलचा ताबा चोराकडे जातो. ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली, ती कोणालाही सांगू नका. आधारच्या झेरॉक्सवर ती कशासाठी दिली ते तारखेसह लिहा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० ला फोन करा.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती गोळा करणाऱ्यांवरची मुख्य बंधने मात्र त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची, असे ठरले. आपल्याकडून माहिती घ्यायला घाई, तिच्या रखवालीला सवड!

आमची मागणी साधी आहे. जिथे शेतकऱ्याची माहिती घेतली जाते तिथे मराठीत पाटी लावा: काय घेता, कशासाठी घेता, कोणाला देता आणि किती दिवस ठेवता. जिल्हा बैठकीला याल तेव्हा आपापल्या गावात कोणती माहिती कोणी मागितली, ते लिहून आणा. रुमाल त्यांच्या हातावर आणि आपले सगळे उघड्यावर, हा सौदा आता चालू द्यायचा नाही.